नालेच्या आकृतीतले खोटे रंग

रंगविज्ञानाचं कुठलंही पुस्तक किंवा व्हिडिओ घ्या, एक चित्र हमखास भेटतं. घोड्याच्या नालेसारखा आकार, आत पसरलेले सगळे रंग, मध्ये पांढरट भाग आणि त्यात फोनच्या स्क्रीनचा एक त्रिकोण. ही सीआयई १९३१ आकृती. सोबत ठरलेलं वाक्य: लाल, हिरवा, निळा मिसळले की सगळे रंग तयार होतात. माझं भांडण या दोघांशी आहे. संशोधनाच्या वाटेवर असाल तर तुमचंही असायला हवं.

आधी एक प्रयोग करा. ओएलईडी स्क्रीनच्या फोनवर काळ्या पार्श्वभूमीवर बारीक पिवळी रेघ काढा आणि अंधारात जुन्या सीडीत तिचं प्रतिबिंब तिरकं धरून पाहा. फाकलेल्या रंगांत लाल दिसेल, हिरवा दिसेल, त्यांच्यामध्ये पिवळं जवळजवळ काहीच नाही. आता न्यूटन रिंग्जच्या प्रॅक्टिकलला वापरतो तो सोडियम दिवा तसाच पाहा. तिथे ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा खरोखर आहे. डोळ्याला दोन्ही पिवळेच, कारण डोळ्यातल्या शंकू पेशी तीनच प्रकारच्या, आणि त्या तिघींना दोन्हीकडून जवळपास सारखाच निरोप जातो. म्हणजे स्क्रीन पिवळा प्रकाश तयार करत नाही, आपली पिवळ्याची जाणीव तयार करते. ‘मिसळले की तयार होतात’ या वाक्यात हा फरक साफ बुडून जातो.

‘सगळे रंग’ हे तर चूकच आहे. १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये राइट यांनी १० आणि गिल्ड यांनी ७ निरीक्षक बसवले. पडद्याच्या एका बाजूला एकाच तरंगलांबीचा प्रकाश, दुसऱ्या बाजूला तीन दिवे, आणि काम एकच: दोन्ही बाजू जुळवा. निळसर हिरव्यापाशी गाडी अडली. तीन दिवे कसेही फिरवा, जुळेचना. शेवटी लाल दिवा उचलून समोरच्या बाजूला मिसळावा लागला, तेव्हा जुळलं. गणितात तो लाल ऋण झाला. पण ऋण प्रकाश देणारा दिवा कुठल्या फोनमध्ये बसवणार? हे ऋण चिन्ह टाळायलाच सीआयईने प्रत्यक्षात नसलेले तीन काल्पनिक मूळ रंग घेतले. मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, आणि बहुतेक व्हिडिओंत नेमकी तीच गाळलेली असते.

नालेची कड वक्र आहे. तिच्या आत किंवा कडेवर कुठलेही तीन बिंदू घेऊन त्रिकोण काढा, काही भाग बाहेर राहणारच. जुन्या एसआरजीबी मानकाचा त्रिकोण या आकृतीचं साधारण ३५ टक्केच क्षेत्र व्यापतो. नव्या फोनमधला पी३ मोठा आहे, तरी ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरचा रंग त्याच्याही बाहेर. जाहिरातीतले ‘१०० कोटी रंग’ म्हणजे १०२४ चा घन. त्यातून पायऱ्या किती ते कळतं, जिना कुठवर जातो ते नाही.

मग त्रिकोणाबाहेर हिरवागार रंग भरलेलं ते चित्र तुम्ही कशावर पाहताय? त्याच स्क्रीनवर! जो रंग स्क्रीन दाखवूच शकत नाही, तो तिने ‘दाखवलेला’ आहे. न पाहिलेल्या गावाचा नकाशा काढून त्यात घरंही रंगवावीत, तसं झालं. आकृती म्हणून ती उत्तमच आहे, तिच्यावरून मिश्रणाचा रंग पट्टीने काढता येतो. खोटं आहे ते फक्त रंगकाम. काही लेखक बाहेरचा भाग राखाडी सोडतात. तुमच्या सेमिनारमध्ये तसंच करा.

एवढं चिडायचं कारण सांगते. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी फोनच्या फोटोंवरून परमँगनेटच्या द्रावणाची संहती मोजत होते. हिरव्या चॅनेलचे आकडे घेतले, लॉग काढला, आलेख सरळ आला. खूश! दोन महिन्यांनी स्पेक्ट्रोफोटोमीटरशी ताडून पाहिलं तर उतार निम्म्याहूनही कमी. फोटोतले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात, ते स्क्रीनसाठी वाकवलेले असतात. स्क्रीनवर १२८ म्हणजे २५५ च्या निम्मा प्रकाश नव्हे, सुमारे २२ टक्के. हे वाकवणं साधारण घातांकासारखं, म्हणून लॉग घेतल्यावर ते नुसतं उताराला भागून जातं आणि रेषा सरळच राहते. शिवाय हिरव्या चॅनेलमध्ये तरंगलांब्यांचा रुंद पट्टा शिरतो, त्यानेही उतार पडतो. सरळ रेषा पाहून मी काही तपासलंच नाही. आरजीबी हे प्रकाशाचं माप आहे असं धरून चालले होते, आणि ते त्या नालेच्या चित्रावरूनच शिकले होते.

नंतर रॉ फाइल, हाताने ठरवलेलं एक्स्पोजर आणि बंद केलेला ऑटो व्हाइट बॅलन्स, एवढ्यावर सगळी मापं पुन्हा घेतली. उतार वाढला, पण स्पेक्ट्रोफोटोमीटरला गाठेना. तो रुंद पट्टा होताच.