८० वरून ९ टक्के, पण नेमकं काय?

शहरातल्या मुलांनी शाळेत चालत जावं, या विषयावर काम करायचंय असं कुणी म्हटलं की मी आधी एक जुना अहवाल वाचायला सांगते. मेयर हिलमन, जॉन अ‍ॅडम्स आणि जॉन व्हाइटलेग यांचा ‘वन फॉल्स मूव्ह’, १९९०. इंग्लंडमधल्या काही शाळांत १९७१ साली पाहणी झाली होती. १९९० मध्ये त्याच शाळांत ती पुन्हा केली गेली. सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं पूर्वी मोठ्या माणसाशिवाय शाळेत जायची. आता ९ टक्के.

हा आकडा तुम्हाला ठिकठिकाणी भेटेल. ‘चालणारी मुलं ८० वरून ९ टक्क्यांवर आली’ असं लिहिलेलं दिसलं, तर तिथेच थांबा. इथे चालणं मोजलेलंच नाही. आईचा हात धरून चालत जाणारं मूल उरलेल्या ९१ टक्क्यांत आहे!

अहवालाची खरी ताकद मात्र दुसरीकडे आहे. ब्रिटनमध्ये रस्त्यावरचे बालमृत्यू घटत होते आणि त्याचा अर्थ रस्ते सुरक्षित झाले असा लावला जात होता. लेखक म्हणतात, मुलांना रस्त्यावरून काढूनच घेतलंय. अपूर्णांकातला वरचा आकडा सगळे बघत होते, छेद यांनी बघितला. नाहीतर मुलांना घरात कोंडणं हेसुद्धा आकडेवारीत यश दिसतं.

तरी दोन गोष्टी खटकतात. मोजक्या शाळांवरून देशाबद्दल बोलताना लेखकांचा सूर फार ठाम होतो. आणि मृत्यू घटण्यात मुलांच्या घरी राहण्याचा वाटा किती, उपचार सुधारल्याचा किती, हे अशा पाहणीतून वेगळं काढता येत नाही. तर्क पटतो, सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही.

पुण्या-नागपुरात तुम्ही प्रश्नावली केलीत, तर ‘मूल शाळेत कसं जातं?’ एवढ्यावर भागवू नका. सोबत कोण असतं ते विचारा. जाणं आणि येणं वेगळं विचारा. सकाळी बाबांची स्कूटर, दुपारी मैत्रिणींबरोबर पायी, असं सर्रास असतं. रिक्षावाल्या काकांना ‘इतर’मध्ये ढकलू नका. आणि मुलगे-मुली वेगळे मांडा: एकट्याने बाहेर जायची परवानगी त्या अहवालातही मुलींना कमीच होती, आणि नुसत्या सरासरीत ते दिसलं नसतं.