विद्यार्थी-समाधानाची मोजपट्टी : एक परीक्षण

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजेच नॅकने, २०१७ साली महाविद्यालयांच्या मूल्यमापनाची जी सुधारित चौकट लागू केली, तीत विद्यार्थी-समाधानाच्या सर्वेक्षणाला स्वतंत्र स्थान दिले. वीस प्रश्न, प्रत्येकास चारपासून शून्यापर्यंत गुणांचे पाच पर्याय, आणि एकविसावा प्रश्न मोकळ्या सूचनांसाठी, असे ह्या प्रश्नावलीचे स्वरूप होते. ज्याच्यासाठी महाविद्यालय चालते त्याचे मत विचारले जावे, हा हेतू स्तुत्य होय. तथापि हेतूच्या चांगुलपणाने मोजपट्टी सिद्ध होत नाही. ती स्वतंत्रपणे तपासावी लागते.

पहिल्या प्रश्नात वर्गात किती अभ्यासक्रम शिकविला गेला हे शेकडेवारीने विचारले आहे. ८५ ते १०० टक्क्यांना ४ गुण, ७० ते ८४ ला ३, ५५ ते ६९ ला २, ३० ते ५४ ला १, आणि त्याखाली शून्य. वरचे तीन गट सुमारे पंधरा टक्क्यांचे, चौथा पंचविसांचा, शेवटचा तिसांचा. म्हणजे एका गुणाची किंमत पायरीगणिक बदलते. दुसऱ्या प्रश्नात शिक्षकांच्या पूर्वतयारीसाठी कसून, समाधानकारक, निकृष्ट, बेपर्वाईने व ‘शिकवीतच नाहीत’ अशा अर्थाचे पर्याय आहेत. निकृष्ट आणि बेपर्वा ह्यांत वरची पायरी कोणती? पहिला शब्द तयारीच्या दर्जाविषयी बोलतो, दुसरा शिक्षकाच्या वृत्तीविषयी. चौथ्या प्रश्नात अध्यापनाला उत्कृष्ट, फार चांगले, चांगले, बरे आणि वाईट अशी विशेषणे दिली आहेत. पाचांपैकी तीन स्तुतीच्या बाजूस झुकलेली. अन्य काही प्रश्नांत सहमती-असहमतीची श्रेणी येते व तिच्या मध्यभागी तटस्थता बसते. परिणामी २ हा अंक एका ठिकाणी ‘निकृष्ट’, दुसऱ्या ठिकाणी ‘चांगले’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘मत नाही’ असे सांगतो, आणि तिन्ही मिळून एकाच सरासरीत जातात.

ह्याचा दोष लिकर्टच्या माथी मारण्याची प्रथा आहे. ती अन्यायाची आहे. लिकर्टने १९३२ साली एकाच अभिवृत्तीविषयीच्या अनेक विधानांच्या गुणांची बेरीज सुचविली होती, भिन्नजातीय प्रश्नांची नव्हे. स्टीव्हन्सने १९४६ साली मापनश्रेणींचे नामदर्शक, क्रमदर्शक, अंतरदर्शक व गुणोत्तरदर्शक असे चार प्रकार केले, तेव्हापासून क्रमदर्शक श्रेणीचे मध्यमान काढावे की नाही हा वाद चालू आहे. येथे मात्र तो वाद उपस्थितच होत नाही, कारण काही प्रश्नांत क्रमसुद्धा निश्चित नाही.

अरुणावतीच्या काठचे आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. ह्या जिल्ह्यातील महाविद्यालये १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. अशा गावच्या वर्गात खेड्यांतून व तांड्यांवरून येणारी मुले असतात. कोणाच्या घरी वऱ्हाडी, कोणाच्या घरी गोरबोली, कोलामी किंवा उर्दू. प्रश्नावलीचा मूळ मसुदा इंग्रजीत, आणि त्यातील विशेषणे विद्यार्थ्याने मनातल्या मनात उतरवून घ्यावयाची. इंटर्नशिप, विद्यार्थी-विनिमय व क्षेत्रभेट ह्या तिन्हींना संस्था किती उत्तेजन देते, असा एक प्रश्न आहे. क्षेत्रभेट झाली, पण विनिमय हा शब्दच नवा, असा विद्यार्थी कोठे खूण करील? त्यातही ‘नियमितपणे’ला ४ आणि ‘वारंवार’ला ३. मराठीत दरवर्षी एकदाच निघणारी सहलही नियमितच असते. ‘ठीक’ आणि ‘ठीकच’ ह्यांतील अंतर तर ज्याला ही भाषा येते त्यालाच कळावे.

संख्येचाही विचार करावा. महाविद्यालयांसाठी किमान प्रतिसाद दहा टक्के किंवा शंभर, ह्यांपैकी जो कमी तो, असा दंडक होता. पाचशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात पन्नास उत्तरे पुरतात. पन्नासांनी २ दिले काय, किंवा पंचविसांनी ४ व पंचविसांनी ० दिले काय, मध्यमान तेच. दुसऱ्या स्थितीत महाविद्यालयात जणू दोन महाविद्यालये नांदत आहेत, आणि हीच गोष्ट प्राचार्यांना कळावयास हवी होती.

पर्याय म्हणून सर्व्हक्वालकडे वळणारे प्रबंध पुष्कळ आहेत. पॅरासुरामन, झाइथमल व बेरी ह्यांनी १९८८ साली बँका, दुरुस्ती अशा सेवांच्या आधारे सिद्ध केलेली ही बावीस विधानांची श्रेणी प्रत्यक्षानुभवातून अपेक्षा वजा करते. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलीची अपेक्षा मुळातच बेताची असते. वजाबाकी लहान येते आणि महाविद्यालय उत्तम ठरते. ज्यांच्यावर सर्वाधिक अन्याय होण्याचा संभव, त्यांच्याच उत्तरांनी तो झाकला जावा, ही ह्या श्रेणीची विदर्भातील खरी अडचण होय. क्रोनिन व टेलर ह्यांनी १९९२ साली अपेक्षा गाळून केवळ अनुभव मोजण्याचा आग्रह धरला. येथे तोच अधिक ग्राह्य आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय विद्यार्थी सर्वेक्षणाने २०२३ साली सहमतीची पंचपदी श्रेणी सोडली, प्रश्नागणिक स्वतंत्र शब्दांची चार उत्तरे स्वीकारली व ‘मला लागू नाही’ असा पर्याय ठेवला. ह्यातील शेवटचा पर्याय तरी तत्काळ उचलण्याजोगा आहे.

जेथे मोजता येते तेथे मत विचारू नये: ठरलेल्या तासांपैकी गेल्या आठवड्यात किती झाले, हे आकड्यानेच विचारावे. जेथे मतच हवे तेथे उत्तरांची विभागणी जशीच्या तशी छापावी. आणि एकविसावा मोकळा प्रश्न शेवटी न ठेवता आधी, मराठीत, स्वतंत्रपणे विचारावा. वीस प्रश्नांचे शब्द त्या उत्तरांतून निवडता येतील. थर्स्टन व चेव्ह ह्यांनी १९२९ साली चर्चविषयक अभिवृत्तीची श्रेणी रचताना विधाने प्रथम लोकांकडून व लिखाणातून गोळा केली होती. आर्णीपुरते हे काम एका पदव्युत्तर प्रबंधिकेच्या आवाक्यातले आहे.