अचूकता ९९ टक्के, पण आवाज कुठल्या चाकाचा?

कंपनांवरून बेअरिंगचा बिघाड ओळखण्याबद्दलचे चार-पाच पेपर सलग वाचून बघा. शीर्षकात न्यूरल नेटवर्कचं एखादं नवं नाव असतं, मध्ये रंगीत आकृती असते आणि शेवटच्या तक्त्यात अचूकता ९९ टक्क्यांच्या आसपास असते. पीएचडीसाठी विषय शोधत असाल तर हा विषय तुम्हाला खुणावणारच. डेटा फुकट, कोड तयार, निकाल हमखास. माझा आक्षेप असा आहे की यातल्या बऱ्याच पेपरांनी ज्या प्रश्नाचं उत्तर दिल्याचा दावा केलेला असतो, तो प्रश्न त्यांनी विचारलेलाच नसतो. हे समजायला आधी प्रयोगशाळेबाहेरचा प्रश्न बघू: वॉरंटीतल्या गाडीच्या चाकातून येणारा घूंऽऽ असा आवाज.

व्हील बेअरिंग खराब व्हायला लागलं की साधारण ५०-६० च्या वेगापुढे एक सलग गुणगुण सुरू होते. गाडी वॉरंटीत असेल तर हा प्रश्न नुसता तांत्रिक राहत नाही. बेअरिंगच सदोष निघालं तर खर्च कार कंपनीचा. टायर वेडावाकडा झिजला असेल तर तो खर्च सहसा गाडीवाल्याच्या माथी. खड्ड्यात आदळून बेअरिंगच्या रिंगवर खळगे पडले असतील, तर 'बाहेरून मार बसलाय' म्हणून नकार मिळू शकतो. म्हणजे आवाज एक, निदानं तीन, आणि प्रत्येक निदानाला पैसे देणारा वेगळा. त्यात निदान करणारं सर्व्हिस सेंटर कार कंपनीशी बांधलेलं. हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे काय, हे आपल्याला रिसर्च एथिक्सच्या पेपरात पाठ करायला लावतात. इथे तो जॉब कार्डवर दिसतो.

माझ्या अकोल्याच्या मामांच्या गाडीला हा आवाज होता. त्यांनी गाडी दोनदा नेली आणि दोन्ही वेळा जॉब कार्डवर एकच शेरा मिळाला: 'आवाज आढळला नाही'. टेस्ट ड्राइव्ह झाली होती शहरातल्या सिमेंट रस्त्यावर, गर्दीत, ४० च्या वेगाने. आता संशोधक म्हणून हा शेरा वाचा. तो गाडीबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. ज्या परिस्थितीत आवाज येतच नाही, किंवा आला तरी टायरच्या खरखरीत बुडून जातो, अशा परिस्थितीत तो ऐकू आला नाही, एवढंच त्यातून कळतं. 'आढळलं नाही' हा निष्कर्ष लिहिताना 'असतं तर या पद्धतीने आढळलं असतं का?' याचं उत्तर शेजारी लागतं. ते नसेल तर तो शेरा कोराच समजा.

अमरावती-अकोला रस्ता मात्र या कामासाठी फार उपयोगी. २०२२ च्या जूनमध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या याच टप्प्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किमी सलग डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला होता. (हा आकडाही नीट वाचा. ७५ किमी म्हणजे एका लेनची लांबी. दोन लेनचा रस्ता म्हणून मोजली तर ३७.५ किमी. आकडा खराच आहे, फक्त एकक बघायचं असतं.) सपाट डांबरावर टायरचा आवाज खाली जातो आणि बेअरिंगची गुणगुण वर येते. रस्त्याचा पृष्ठभाग इथे व्हेरिएबल आहे, आणि तो जॉब कार्डवर कोणीच लिहीत नाही.

मूर्तिजापूरच्या एका मिस्त्रीने मामांना जे सांगितलं, ते मला कित्येक पेपरांच्या मेथडॉलॉजीपेक्षा सरस वाटतं: "आवाज हाये का नाही हे नका सांगू त्याहिले. किती स्पीडले येते, कोन्त्या रस्त्यावर येते, वळवल्यावर वाढते का, थे लिहून द्या."

यातला 'वळवल्यावर' हा भाग महत्त्वाचा. वेगाबरोबर आवाज वाढतो म्हणून ते बेअरिंगच, असं बरेच जण ठोकून देतात. गणित करून बघू. चाकाचा परीघ १.९ मीटर धरला तर ८० च्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे ११.७ फेऱ्या घेतं. बेअरिंगच्या एका रांगेत समजा १३ गोळ्या आहेत आणि बाहेरच्या रिंगवर एक खळगा आहे. तर सेकंदाला साधारण ६० ठोके पडतील. वेग वाढला की ठोके त्याच प्रमाणात वाढतील. पण टायरवरच्या उंचवट्यांचे ठोकेही त्याच प्रमाणात वाढतात! दोन्ही गृहीतकं एकच भाकीत करतात, मग त्या निरीक्षणाने निवाडा होणार कसा? न्यूट्रलमध्ये टाकूनही आवाज तसाच राहिला तर फार तर इंजिन सुटतं.

मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे वळवली की भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा गुणगुण वाढली तर उजव्या बाजूचा संशय घ्यायचा. पण थांबा, भार बेअरिंगवर वाढला तसा टायरवरही वाढला. म्हणजे या चाचणीने बाजू कळली, कारण कळलं नाही. कारणासाठी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करायचे. आवाज टायरबरोबर मागे गेला तर दोष टायरचा. जागेवरच राहिला तर बेअरिंगचा. मग गाडी लिफ्टवर घेऊन सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर एक हात ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं. खराब बेअरिंगची खरखर बोटांना लागते. चाक वरून-खालून धरून हलवायचं, प्ले आहे का बघायचं. पण प्ले नाही म्हणून बेअरिंग निर्दोष ठरत नाही, सुरुवातीच्या बिघाडात प्ले नसतोच. मामांच्या गाडीत आवाज जागेवरच राहिला. तिसऱ्या खेपेला वेग, रस्ता आणि वळण लिहून दिलं, ॲडव्हायझरला शेजारी बसवून महामार्गावर नेलं, आणि उजवीकडचं पुढचं बेअरिंग वॉरंटीत बदलून मिळालं.

आता पेपरांकडे वळू. या क्षेत्रातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा डेटा अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा आहे. २ अश्वशक्तीची मोटर, मिनिटाला १,७३० ते १,७९७ च्या आसपास फेरे, भार ० ते ३ अश्वशक्ती. बिघाड नैसर्गिक नाहीत. इलेक्ट्रिक स्पार्कने मुद्दाम कोरलेले खड्डे आहेत ते, ठरावीक व्यासाचे. सगळ्यात लहान ०.००७ इंच, म्हणजे ०.१८ मिलिमीटरच्या आसपास. हा डेटा वाईट नाही. सिग्नल प्रोसेसिंग शिकायला उत्तमच आहे, मीही त्यावरच शिकलो. गडबड वापरात आहे.

नेहमीची पद्धत अशी: एक लांब रेकॉर्डिंग घ्यायचं, त्याचे शेकडो तुकडे करायचे, ते पिसायचे, ८० टक्क्यांवर मॉडेल शिकवायचं आणि २० टक्क्यांवर तपासायचं. पण दोन्हीकडचे तुकडे त्याच बेअरिंगचे, त्याच मोटरचे, त्याच दुपारचे! मॉडेल बिघाड ओळखायला शिकलं की ते विशिष्ट बेअरिंग ओळखायला शिकलं, हे या तपासणीतून कळूच शकत नाही. काही लेखक सावधगिरी म्हणून एका भारावर शिकवून दुसऱ्या भारावर तपासतात. तरी उपयोग नाही, कारण भार बदलला तरी खड्डा असलेलं बेअरिंग तेच राहतं. मामांचं जॉब कार्ड आणि हा तक्ता यांत मला फरक वाटत नाही. एकाने आवाज न येण्याची परिस्थिती निवडली, दुसऱ्याने आवाज ओळखू येण्याची.

ही टीका नवी नाही, याचाच जास्त राग येतो. स्मिथ आणि रँडल यांनी २०१५ मध्येच या डेटाची फाइल-फाइल तपासून दाखवलं की काही रेकॉर्डिंगमध्ये नेहमीच्या पद्धतींनी बिघाड दिसतच नाही, तर काहींत तो इतका ढळढळीत आहे की साध्या एन्व्हलप विश्लेषणानेही सापडतो. जिथे साधी पद्धत पुरते तिथे डीप नेटवर्क लावून काय सिद्ध झालं? जर्मनीतल्या पाडरबॉर्न विद्यापीठाच्या गटाने २०१६ मध्ये ३२ बेअरिंगांचा डेटा खुला केला: ६ चांगली, १२ मुद्दाम बिघडवलेली, १४ खरोखर चालवून-चालवून बिघडलेली. मुद्दाम बिघडवलेल्यांवर शिकवून खऱ्या बिघाडांवर तपासलं की निकाल घसरतो. हा तक्ता दाखवायला कमी जण तयार असतात.

एक बचाव ऐकायला मिळतो: "सगळे हाच डेटा वापरतात, तुलना तर झाली पाहिजे ना." तुलना जरूर करा. पण सगळेच ९९ वर असतील तर ती कशाची तुलना? आणि शेवटी यावर कोणाचा तरी निवाडा अवलंबून असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ नुसार मालातला दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर जिल्हा आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्या अहवालावर उद्या सही तुमची असू शकते.

तरीही हाच विषय घ्यायचा असेल, तर सिनॉप्सिसमध्ये डेटाची विभागणी बेअरिंगनुसार करा, तुकड्यांनुसार नको, आणि आरआरसीसमोर ते स्वतःहून सांगा. वॉरंटीबाहेरच्या गाड्यांची बदललेली बेअरिंगं अमरावती-अकोल्याच्या गॅरेजांतून भंगारात जातात. गाडी किती चालली, आवाज कधी सुरू झाला, टायर कुठले होते याच्या नोंदींसकट वीस-पंचवीस जमवली तरी काम सुरू होतं. फक्त कंपनांची नोंद गाडी लिफ्टवर असतानाच, बेअरिंग काढण्याआधी घ्या. पुलर लावून ओढताना रिंगवर नवे ओरखडे पडतात, आणि मग खळगा खड्ड्याने पडला की पुलरने, ते सांगता येत नाही.