‘जर’ सोडून बाकीचं वाचा: एका नकोशा आत्मकथनाबद्दल

सिनॉप्सिस लिहिताना बरेच जण साधनांचे दोन रकाने करतात आणि हाती आलेलं प्रत्येक आत्मचरित्र ‘प्राथमिक साधन’ या रकान्यात टाकून मोकळे होतात. आत्मचरित्र थोर माणसाचं असेल तर कोणी काही विचारत नाही. पण एखाद्या खटल्यामुळे किंवा टीव्हीमुळे चार महिने गाजलेल्या माणसाचं असेल, तर ‘असलं काय वाचता?’ हा प्रश्न ठरलेला. माझं म्हणणं असं की असलंही वाचावं. फक्त त्यात बघायचं कुठे, ते आधी ठरवावं.

ओ. जे. सिम्पसनचं उदाहरण घेऊ. हा अमेरिकन फुटबॉलचा नावाजलेला खेळाडू, पुढे नट. १२ जून १९९४च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये त्याची घटस्फोटित पत्नी निकोल आणि रॉन गोल्डमन हा तरुण यांचा खून झाला. ऑक्टोबर १९९५मध्ये फौजदारी न्यायालयाने सिम्पसनला निर्दोष सोडलं. १९९७मध्ये दिवाणी न्यायालयाने त्याला या मृत्यूंना जबाबदार धरलं आणि भरपाईचा आकडा ३ कोटी ३५ लाख डॉलरपर्यंत गेला. दोन न्यायालयं, पुराव्याचे दोन निकष, म्हणून दोन निकाल. (हा फरक नीट समजून घ्या, साधनं तपासताना रोज लागतो.)

या खटल्याभोवती पुस्तकांचा नुसता पूर आला. निकोलची मैत्रीण फे रेझनिक हिचं पुस्तक ऑक्टोबर १९९४मध्येच आलं, तेव्हा ज्यूरीची निवडसुद्धा पूर्ण झाली नव्हती. सिम्पसनने तुरुंगातून एक पुस्तक काढलं. ज्यूरीतून मध्येच वगळलेल्या एका गृहस्थाने आपली ‘डायरी’ छापली. यातल्या बहुतेकांकडे सांगण्यासारखी एखाददुसरी गोष्ट होती, पण पुस्तक मात्र अख्खं!

या सगळ्यात विचित्र पुस्तक म्हणजे ‘इफ आय डिड इट’, म्हणजे ‘मी जर ते केलं असतं तर’. नोव्हेंबर २००६मध्ये त्याची घोषणा झाली आणि एवढा संताप उसळला की त्याच महिन्यात प्रकाशकाने ते मागे घेतलं. हक्क सिम्पसनच्या मुलांच्या नावाने काढलेल्या एका कंपनीकडे होते. ती कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि २००७मध्ये फ्लोरिडातल्या न्यायालयाने हक्क गोल्डमन कुटुंबाला दिले. ज्या कुटुंबाने पुस्तकाला विरोध केला होता, त्यानेच ते स्वतःच्या टिपणीसह छापून आणलं. मुखपृष्ठावर ‘इफ’ इतकं बारीक केलं की ते पुढच्या ‘आय’च्या पोटात जाऊन बसलं, आणि खाली उपशीर्षक आलं: खुन्याचा कबुलीजबाब.

आता सांगा, या पुस्तकातला ‘मी’ कोण?

फ्रेंच अभ्यासक फिलिप लेजून यांनी १९७५मध्ये ‘आत्मचरित्रात्मक करार’ ही कल्पना मांडली. लेखक, निवेदक आणि ज्याची गोष्ट आहे तो माणूस, हे तिघे एकच आहेत असं पुस्तक वाचकाला कबूल करतं. तो करार इथे ठिकठिकाणी फाटलेला आहे. शब्द पाब्लो फेनवेस या लेखकाचे. हा त्या वस्तीत राहणारा, आणि १९९५च्या खटल्यात सरकारी पक्षाचा साक्षीदार! त्या रात्री कुत्र्याचं विव्हळणं ऐकल्याची साक्ष त्याने दिली होती. पुढे सिम्पसन म्हणाला की खुनाच्या रात्रीचं प्रकरण आपलं नाहीच. आणि मालकी मृताच्या घरच्यांकडे. मराठीत आपल्याकडे निदान ‘शब्दांकन’ असं आत छापायची पद्धत आहे. ते पान वगळून थेट पहिल्या प्रकरणावर उडी मारू नका.

सगळे वाचक धावतात ते त्या ‘जर’च्या प्रकरणाकडे. मला ते पुस्तकातलं सर्वांत पोकळ प्रकरण वाटतं. ऐन क्षणी निवेदकाची शुद्ध हरपते. भानावर येतो तेव्हा अंगावर रक्त. पुरावा म्हणून यातून काहीच हाती लागत नाही, कारण ‘जर’ म्हटल्यावर त्याला खोटं पाडायची सोयच उरत नाही.

संशोधकाने थांबायचं ते बाकीच्या प्रकरणांवर. तिथे ‘जर’ नाही. लग्न, भांडणं, घटस्फोट, सगळं खरं म्हणून सांगितलंय. आणि त्या कहाणीत सोसणारा तो, तोल जाणारी ती. हे मात्र ताडून बघता येतं. १९८९मध्ये पत्नीला मारहाण केल्याच्या आरोपाला सिम्पसनने न्यायालयात आव्हान दिलं नव्हतं, त्याला प्रोबेशनची शिक्षा झाली होती. ऑक्टोबर १९९३मध्ये निकोलने मदतीसाठी पोलिसांना केलेल्या फोनचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. पुस्तकातलं पान आणि ही नोंद शेजारी ठेवा. मारहाण करणारा स्वतःची गोष्ट कशी रचतो, काय वगळतो, दोष कुठे सरकवतो, याचं इतकं उघडं साधन सहसा मिळत नाही. तुमचा संशोधन प्रश्न ‘खून कोणी केला?’ असेल तर पुस्तक बाजूला ठेवा. ‘घरगुती हिंसेचं समर्थन कोणत्या भाषेत होतं?’ असा असेल तर ते मुख्य साधन आहे.

एक अडचण उरतेच. गोल्डमन कुटुंबाने पुस्तक छापलं, तर निकोलच्या बहिणीने त्याला जाहीर विरोध केला. दोन्ही घरांतली माणसं गेली आणि मतं मात्र उलटी. आपण त्यातले उतारे प्रबंधात घेतो तेव्हा निकोलबद्दलचे त्याचे शब्द पुन्हा एकदा छापतो. मी असे उतारे लांबलचक घेत नाही, सारांश देते आणि नोंद लगेच शेजारी ठेवते. निकोलने स्वतः लिहून ठेवलेल्या डायरीतल्या नोंदी फौजदारी खटल्यात ज्यूरीपुढे येऊ शकल्या नाहीत. न्यायाधीशांनी त्या ऐकीव पुरावा ठरवल्या होत्या.