ट्रॅकवरचे भावगीत

मराठीतील हौशी गायक यूट्यूब, फेसबुक आणि स्म्यूलसारख्या अ‍ॅपवर जी गाणी टाकतात, त्यांत जुन्या भावगीतांचा आणि चित्रपटगीतांचा भरणा मोठा आहे. सुधीर फडके, श्रीनिवास खळे, हृदयनाथ मंगेशकर यांच्या चाली, अरुण दाते यांची गाणी, मधूनच अजय-अतुल. मोबाइल, इअरफोन आणि तयार कराओके ट्रॅक एवढ्यावर काम भागते. शब्द ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर मिळतात.

दुसऱ्याचे गाणे आपल्या गळ्यातून काढणे मराठीला नवे नाही. ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले, तेव्हा त्यातली ५६ गीते अनेक गायक-गायिकांत वाटलेली होती. पुढे फडके ती एकट्याने मैफलीत गाऊ लागले आणि श्रोत्यांच्या कानांत मुख्यतः त्यांचाच आवाज राहिला. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’मध्ये नाट्यपदांकडे आपल्या नजरेने पाहिले, नक्कल करण्याचा मोह त्यांनी कटाक्षाने टाळला. स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवात गाणारा हौशी गायक एवढ्या उंचीचा नसे, पण गाई आपल्याच पट्टीत. शब्द विसरला, सम चुकली, तर पेटीवाला आणि तबलजी त्याला सांभाळून घेत.

कराओके ट्रॅक कोणालाही सांभाळून घेत नाही. लय ठरलेली, मधल्या वाद्यतुकड्यांची लांबी ठरलेली, अंतरा कुठे उचलायचा तेही ठरलेले. एखादी ओळ पुन्हा घ्यावी, एखाद्या शब्दावर रेंगाळावे, याला जागाच उरत नाही. साहजिकच मूळ ध्वनिमुद्रिका हीच गाण्याची संहिता ठरते आणि गायक तिच्यातल्या हरकती, श्वाससुद्धा, पाठ करतो. लता मंगेशकरांनी गायलेल्या ‘श्रावणात घननिळा बरसला’मध्ये खळ्यांनी अंतऱ्यांच्या चाली वेगवेगळ्या बांधल्या आहेत. त्या पाठ होतात. एका चालीतून दुसरीत जाताना लागणारा दमसास आणि मुखड्यावर परतण्याची सहजता मात्र पाठांतराने येत नाही. ट्रॅकची पट्टी खाली आणता येते, पण फार उतरवला की वाद्ये घोगरी होतात. वर अ‍ॅपमधला एको असतो. तो बेसूर शेवटांवर पांघरूण घालतो आणि चांगल्या गळ्याचा पोतही पुसून टाकतो.

तरुण गायकांनी गिटार आणि युकुलेले आणले. मोकळेपणा आला, तसा नवा प्रश्नही. रागाच्या अंगाने चालणारी चाल तीन-चार कॉर्डमध्ये बसवली की कोमल स्वरांची धार बोथट होते. स्वरमेळाचा विचार करूनच बांधलेल्या नव्या चित्रपटगीतांना हा साज शोभतो, नाट्यपदांना सहसा नाही. या साऱ्या पसाऱ्यात सर्वांत ऐकण्याजोगे काम बहुधा नुसत्या तानपुऱ्यावर किंवा पेटीवर गाणाऱ्यांचे असते, कारण तिथे गाणाऱ्याला लय स्वतः धरावी लागते. स्म्यूलवरच्या युगुलगीतांची मौज वेगळी. एकाने अर्धे गाणे गाऊन ठेवावे, दुसऱ्याने सवडीने उरलेले भरावे; नाशिक आणि न्यू जर्सी अशी जोडी त्यामुळे सहज जमते. सवाल-जवाबातला ताण मात्र एकतर्फीच राहतो, कारण आधी गाणाऱ्याने दुसऱ्याला ऐकलेलेच नसते.

कायद्याचा कलही जसेच्या तसे गाण्याकडेच आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१ सी गाण्याच्या नव्या आवृत्तीला परवानगी देते. पण मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटलेली असावी लागतात, वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे मानधन भरावे लागते आणि तांत्रिक गरजेपलीकडचे बदल हक्कधारकाच्या संमतीविना चालत नाहीत. कॅसेटविक्रीच्या हिशेबाने आखलेल्या या वाटेने घरबसल्या गाणारा सहसा जात नाही. त्याच्या गाण्याचे काय होणार, हे व्यवहारात यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा आणि संगीत कंपन्यांचे तिच्याशी असलेले करार ठरवतात. बोल आणि चालीच्या मालकाने दावा केला तर जाहिरातीचे उत्पन्न त्याच्याकडे वळू शकते किंवा व्हिडिओ अडवला जाऊ शकतो. तयार ट्रॅक वापरला असेल तर तो बनवणाराही हक्क सांगू शकतो. स्वतःच्या पेटीवर गाणाऱ्याला या दुसऱ्या दाव्याची चिंता नसते.