जिरायती कानांनी ऐकलेली नदी

बारामती म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस उभा राहतो. तालुक्याच्या नीरेकडच्या अंगाला 1885 पासून डाव्या कालव्याचं पाणी खेळतंय, तेव्हा ते चुकीचंही नाही. पण सुप्याकडे यावं म्हणजे दुसरी बारामती दिसते. उत्तरेला लांब भीमा, दक्षिणेला लांब नीरा, मोरगावाला वळसा घालून जाणारी कऱ्हा, आणि मधे आमचं माळरान. ज्वारी-बाजरी, शेळ्यामेंढ्या, मयूरेश्वर अभयारण्यातली चिंकारा हरणं, आणि उन्हाळा लागला की टँकरची वाट. अशा गावात मी पहिल्यांदा ‘मा रेवा’ ऐकलं. नदीचं गाणं, आणि ऐकणाऱ्याच्या हंड्यात तिसऱ्या दिवसाचं पाणी!

ते गाणं ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडच्या ‘कंदिसा’ या अल्बममधलं. टाइम्स म्युझिकने तो 2000 साली काढला. मला तो पुण्याहून आलेल्या एका मित्राने कॅसेटवर दिला. घरात चुलत आजोबा होते, आबा. गावच्या भजनात पखवाज त्यांच्याकडे असायचा. गिटार हे वाद्य त्यांच्या लेखी सिनेमातल्या पोरांचं. तरी ते बसून राहिले, आणि गाणं संपल्यावर एवढंच म्हणाले, “म्हणणारा दम कुठं घेतोय रे?”

‘मा रेवा’चं रसग्रहण करायचं तर या प्रश्नापासूनच करावं लागतं. गाणं नर्मदेच्या, म्हणजेच रेवेच्या खोऱ्यातलं, पारंपरिक, निमाडी वळणाच्या बोलीतलं. नदी अमरकंटकाहून निघाली, तिचं पाणी निर्मळ, ते खळखळत पुढे चाललंय, लोकांनी तिची सेवा केली आणि सेवेचं फळ त्यांना मिळालं. मजकूर पाहिला तर एवढाच. कुठल्याही आरतीत असतो तसा, जरा भाबडाच. कागदावर वाचून कोणी थांबणार नाही. थांबवते ती त्याची बांधणी. गाणाऱ्याची ओळ खाली उतरते न उतरते तोच बँडमधल्या सुश्मित सेनची गिटार ती उचलते, गिटार वळते तिथे पुन्हा आवाज येतो. चांगल्या भजनात टाळकरी बुवाची ओळ जमिनीवर पडू देत नाहीत, अधांतरीच झेलतात, तसं. दम घेतला जातो, पण तो ऐकू येत नाही. वाहणं हा गाण्याचा विषय तर आहेच, पण ते गाण्याच्या अंगातही आहे. आबांच्या कानाला ते बरोबर कळलं होतं.

हे गाणं बँडकडे राहुल रामकडून आलं. हा माणूस बेस गिटार वाजवतो आणि गातो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. करून आला आणि नव्वदीच्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनात खोऱ्यात राहिला. आपल्याकडे नर्मदा म्हटलं की परिक्रमा आठवते. ती महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरून, नंदुरबारच्या डोंगरांतून जाते, हे पटकन कोणी बोलत नाही. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली 33 गावं आली, बहुतेक भिल्ल-पावरा वस्तीची, आणि त्यांतलं पहिलं मणिबेली. ‘कंदिसा’ बाजारात आला त्याच वर्षी, 18 ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने धरणाचं काम पुढे न्यायला परवानगी दिली.

आता पुन्हा गाणं ऐका. त्यात धरण नाही. सरकार नाही, मागणी नाही, शापही नाही. फक्त स्तुती आहे, आणि पाण्याला वाहत राहा म्हणणं आहे. जे अडवलं जाणार हे सगळ्यांना ठाऊक आहे त्याला ‘वाहत जा’ म्हणायचं, याहून जास्त रडगाणं लिहून काय साधलं असतं? आंदोलनाची घोषणा त्या वर्षापुरती असते. हे गाणं आंदोलनाच्या आधीपासून तिथे होतं, आणि बँडने शहाणपणा केला तो एवढाच की त्यात एकही शब्द नवा घुसडला नाही. काळाने त्याचा अर्थ बदलला. रॉकवाल्यांना सहसा लोकगीत हातात आलं की ते सुधारण्याची खुमखुमी येते. इथे ती नाही.

बांधणीचं थोडं श्रेय त्यांच्या कामाच्या पद्धतीलाही जातं. अशीम चक्रवर्ती आणि सुश्मित सेन ही मूळ जोडी 1984 पासून एकत्र वाजवायची. बँड 1990 चा. राहुल राम 1991 मध्ये, ड्रम्स वाजवणारा अमित किलाम 1994 मध्ये आला. गाणं लिहून आणायचं नाही, एकत्र बसून वाजवत राहायचं, त्यातून जे टिकेल ते ठेवायचं. करोल बागेतल्या खजूर रोडवरचं एक जुनं घर ही तालमीची जागा. त्या पत्त्यावरूनच पुढे 2010 च्या अल्बमचं नाव पडलं. ‘कंदिसा’च्या आधीचा ‘डेझर्ट रेन’ तर 1 जानेवारी 1997 ला दिल्लीत, रंगकर्मी सफदर हाश्मीच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात लोकांसमोर वाजवलेलाच आहे. म्हणजे ही मंडळी स्टुडिओतली नव्हेत, फडावरची. ‘कंदिसा’तही ते कळतं: अशीम तबला वाजवता वाजवता गातो, त्यामुळे सूर आणि ठेका एकाच छातीतून निघाल्यासारखे वाटतात. अमित ड्रम्सखेरीज बाउलांची गबगुबी वाजवतो. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी म्हणालो, हे तर यल्लम्माच्या भक्ताचं चौंडकं! कुळ एकच: काखेत पोकळ भांडं, एक तार, आणि ताण कमीजास्त करून काढलेला तो हुंकार.

‘हिल्ले ले’ हे गाणं मात्र सुप्याच्या माणसाने जरा सरसावून ऐकावं. शब्द गोरख पांडे यांचे, भोजपुरीत. जनतेची पलटण येतेय आणि जग गदगदा हलतंय, असा त्याचा आशय. आमच्या गावाने हे हलणं पाहिलंय. 12 मे 1875, बुधवार, आठवडे बाजाराचा दिवस. सुप्यात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली, कर्जखतं आणि वह्या ताब्यात घेतल्या आणि जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत एक परिच्छेद असतो, त्याची ठिणगी इथली. पुढे आयोग बसला, 1879 मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जाबद्दलचा कायदा झाला. आयोगाच्या अहवालात व्याज आहे, सारा आहे, कापसाचे पडलेले भाव आहेत. आवाज तेवढा नाही. ‘हिल्ले ले’त तो आहे, आणि गंमत म्हणजे तो रागाचा नाही. गाणं जवळजवळ खिदळतं. ठेका असा झुलता की लग्नाच्या वरातीतही चालावा. पहिल्यांदा मला ते खटकलं. इतक्या गंभीर गोष्टीला हा उडता चेहरा कशाला? आता वाटतं, बाजारच्या दिवशी जमलेली गर्दी अशीच असते. भीती गेल्यावर माणूस आधी हसतो, ओरडतो मागाहून.

सगळा अल्बम याच उंचीचा आहे असं नाही. ‘खजुराहो’त काही ठिकाणी वादक स्वतःच्याच वाजवण्यात रमलेत असं वाटतं, कथेकऱ्याने आख्यान सोडून उपकथेत शिरावं आणि आपण चपला शोधाव्यात, तसं होतं. पण शीर्षकगीत आलं की हे माफ.

‘कंदिसा’ ही केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली प्रार्थना आहे, अरामी भाषेतली, म्हणजे जी भाषा येशू बोलत असे तिच्या घराण्यातली. शब्दाचा अर्थ ‘पवित्र’. दिल्लीच्या चार मुलांनी ती उचलली, संथ लयीत, आवाजावर आवाज ठेवत. आधी फक्त सूर साचत जातो, मग खालून ठेका वर येतो. आणि झालं काय, तर हे गाणं देशभरातल्या कॉलेजांतल्या पोरांनी पाठ केलं. हजार माणसं एका सुरात अरामी गाताहेत आणि त्यांतल्या नऊशे नव्याण्णवांना एका शब्दाचा अर्थ ठाऊक नाही.

याचं नवल शहरातल्या समीक्षकांना फार वाटलं. मला वाटलं नाही. आपण गणपतीत मंत्रपुष्पांजली कशी म्हणतो ते आठवा. त्यात राज्यांचे प्रकार आहेत, समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा एकच राजा आहे, मरुत्त नावाचा कोणी आहे. म्हणणाऱ्याला त्यातलं काही ठाऊक नसतं, पण शेवटाकडे आवाज कसा चढवायचा, कुठे सगळ्यांनी एकदम उतरायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सुप्यात शाहमन्सूरांच्या दर्ग्याशी हात जोडणाऱ्या सगळ्यांना फातिहा कुठे येते? अर्थ कळला नाही तरी शब्द सगळ्यांच्या तोंडी बसतो. ‘कंदिसा’ तिथूनच आत शिरतं. ते प्रार्थनेचं भाषांतर करत नाही, ‘फ्यूजन’ म्हणून मिरवतही नाही. आपल्याला नुसतं म्हणायला लावतं.

बँडला खरा नावलौकिक मिळाला तो ‘ब्लॅक फ्रायडे’मधल्या ‘बंदे’मुळे. तो सिनेमा न्यायालयात अडकून 2007 मध्ये पडद्यावर आला. ते गाणं ऐकून पुष्कळ लोक मागे वळून ‘कंदिसा’पर्यंत पोचले. नंतरच्या पिढीला हीच मंडळी ‘मसान’ या सिनेमामुळे माहीत झाली. तोवर घडण बदलली होती. 25 डिसेंबर 2009 ला अशीम गेला, सुश्मितने 2013 मध्ये बँड सोडला. नवे आवाज आले, तेही चांगले आहेत. पण तबला आणि गळा एकाच माणसाचा, ते ‘कंदिसा’तच ऐकायचं.

आमची कॅसेट वाजून वाजून घासली. एका उन्हाळ्यात भारनियमनाच्या रात्री टेप सेलवर लावला होता, अंगणात. ‘मा रेवा’ सुरू झालं आणि आबांनी पखवाज पुढे ओढला. पहिल्यांदाच. डाव्या पुडीला कणीक लावली, दोन-चार थापा देऊन सूर जमवला आणि ठेका धरला. दोनेक मिनिटं छान गेली. मग सेल उतरायला लागले. गाणं जड झालं, आवाज खाली बसायला लागला. मी टेप बंद करायला उठलो तर आबांनी हातानेच नको म्हटलं, हातोडीने गठ्ठे ठोकून पखवाजाचा सूर खाली उतरवला आणि नवी लय धरली. गाणं आणखी उतरलं, त्यांनी पुन्हा गठ्ठे ठोकले. असं तीन वेळा. टेपचं चक्र थांबलं तेव्हा त्यांचा हात पुडीवरच होता, पुढच्या समेसाठी उचललेला.