यादी आणि ‘आदी’

छावणीत माझे झेरॉक्स आणि डीटीपीचे छोटे दुकान आहे. जात पडताळणीची कागदपत्रे, टीसी, मार्कमेमो आणि लग्नाच्या पत्रिकांबरोबर गेली पंचवीसेक वर्षे माझ्या हाताखालून आणखी एक प्रकारचा मजकूर जातो: स्मरणिका, गौरवग्रंथ आणि मेळाव्यांच्या पुस्तिका. त्यांत एक पान हमखास असते, ‘आमचे नामवंत माजी विद्यार्थी’. हे पान मी इतक्या वेळा टाइप केले आहे की त्याची रचना मला पाठ आहे. आधी मंत्री, मग सनदी अधिकारी, न्यायाधीश, कुलगुरू, मग लेखक-कवी. शेवटी एक शब्द येतो, ‘आदी’. मी स्वतः बारावीच्या पुढे गेलो नाही. पण त्या ‘आदी’ने मला वाचायला लावले. साहित्याची समीक्षा होते, मग यादीची का होऊ नये? तीही कुणीतरी रचलेली संहिताच असते. काय घ्यायचे, काय वगळायचे आणि कोणत्या क्रमाने मांडायचे, हे तिच्यातही कुणीतरी ठरवलेले असते.

छावणीतून पुढे गेले की नागसेनवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० मध्ये औरंगाबादला हे महाविद्यालय. सुरुवातीचे वर्ग आमच्या छावणीतल्या जुन्या इमारतींत भरत. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते नव्या वास्तूची कोनशिला बसली. पुढे नाव मिळाले ‘मिलिंद’. भदन्त नागसेनांना प्रश्न विचारणारा आणि वादात हार मान्य करणारा तो ग्रीक राजा. विद्यार्थ्यांनी रोज उच्चारायच्या नावात जिंकणारा नाही, तर प्रामाणिकपणे विचारणारा आहे. हे ध्यानात ठेवून आपल्या याद्या वाचाव्यात. त्यांत फक्त जिंकलेले असतात.

मिलिंदची तुलना अमेरिकेतल्या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांशी करण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि ती निराधार नाही. १९६५ च्या अमेरिकी उच्च शिक्षण कायद्याने अशा संस्थांची व्याख्या केली: १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या आणि कृष्णवर्णीयांचे शिक्षण हे मुख्य ध्येय असलेल्या. प्रवेश सर्वांना, पण जन्म एका बंद दारामुळे. मिलिंदचेही तसेच. ते कधीच एका जातीचे महाविद्यालय नव्हते. पण निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात, जिथल्या मुलाला पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे, तिथे गावकुसाबाहेरच्या पोरासाठी वसतिगृहासह पदवीची सोय होणे ही केवढी गोष्ट होती, हे त्या पोरांच्या घरच्यांनाच विचारावे.

दोन्हीकडचा धागा बाबासाहेबांच्या हयातीतच जुळला होता. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉय यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ३१ जुलै १९४६ चे द्यू बॉय यांचे सहानुभूतीचे उत्तर उपलब्ध आहे. हे द्यू बॉय फिस्क विद्यापीठाचे १८८८ चे पदवीधर, म्हणजे तिथल्या कोणत्याही ‘नामवंत’ यादीतले पहिल्या ओळीचे नाव. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत शिकून आलेले प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे यांनी तिथल्या कृष्णवर्णीय साहित्याची ओळख आपल्या तरुणांना करून दिली. १९६७ मध्ये ‘अस्मिता’ निघाले, त्याचे ‘अस्मितादर्श’ झाले आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते अखेरपर्यंत सांभाळले. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी तर या विषयावर मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या काळी ‘निग्रो’ हाच शब्द रूढ होता.

माझा आक्षेप इथून सुरू होतो. आपण त्यांच्याकडून कविता घेतली, संताप घेतला, १९७२ साली ‘पँथर’ हे नावही घेतले. पण त्यांची एक सवय घेतली नाही, मोजण्याची.

द्यू बॉय अटलांटा विद्यापीठात शिकवत असताना १९०० साली त्यांनी कृष्णवर्णीय पदवीधरांची पाहणी प्रसिद्ध केली आणि १९१० मध्ये पुन्हा केली. विचारणा साधी होती: शिकलात, पुढे काय करता? पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही विचारले. पहिल्या पाहणीत ज्यांच्या व्यवसायाची माहिती मिळाली त्यांपैकी सुमारे ५३ टक्के शिक्षण क्षेत्रात होते आणि १७ टक्के धर्मोपदेशक. म्हणजे ती विद्यापीठे कशासाठी होती याचे उत्तर नामवंतांच्या यादीत नव्हते. ते आडगावच्या शाळेत पाटीवर अक्षर गिरवून घेणाऱ्या शेकडो माणसांत होते. आपल्या यादीत ही सगळी माणसे ‘आदी’त जातात.

गंमत म्हणजे १९०३ मध्ये ‘प्रतिभावान दशांश’ हा विचार गाजवणारे द्यू बॉयच होते. समाजातल्या वरच्या दहा टक्के शिकलेल्यांनी बाकीच्यांना वर न्यावे, हा तो विचार. पण १९४८ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी स्वतःच त्याची फेरतपासणी केली. शिकलेला माणूस आपोआप समाजासाठी झिजेल हे आपण गृहीत धरले आणि ते खरे ठरले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यानंतर आठ वर्षांनी, १८ मार्च १९५६ रोजी, आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी हीच वेदना बोलून दाखवली. सात समुद्रांपलीकडचे दोन संस्थापक आयुष्याच्या उतारावर एकाच निष्कर्षाला आले. आपल्या स्मरणिका बाबासाहेबांच्या छायाचित्राने उघडतात, पण आग्र्याच्या भाषणाची कसोटी यादीतल्या एकाही नावाला लावत नाहीत. त्यांत फक्त पद असते. त्या पदावरून काय केले, हा रकानाच नसतो.

यादीची दुसरी खोट अशी की ती घडवणाऱ्यांना वगळते. हॉवर्ड विद्यापीठाच्या यादीत थर्गुड मार्शल अग्रभागी असतात. ते १९३३ चे कायद्याचे पदवीधर. १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या खटल्याचे ते वकील होते, पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. पण त्यांना घडवले चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी. ह्यूस्टन स्वतः ॲमहर्स्ट आणि हार्वर्डचे. म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या पानावर त्यांना जागा नाही. आपल्याकडे तेच घडते. ‘युगयात्रा’ नाटक लिहून विद्यार्थ्यांच्या हाती इतिहास देणारे प्राचार्य म. भि. चिटणीस, वानखेडे आणि पानतावणे यांच्याशिवाय नागसेनवनाचा इतिहास होऊच शकत नाही. पण यांतले कुणीही मिलिंदचे पदवीधर म्हणून ओळखले जात नाही. ज्यांनी यादी शक्य केली, ते यादीबाहेर.

तिसरी खोट अपुऱ्या शिक्षणाविषयीची, आणि इथे मी तटस्थ नाही. माझा थोरला भाऊ नागसेनवनातल्या वसतिगृहात राहून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकला. वडील गेले, तसा गावी परतला आणि पुढे एस.टी.त कंडक्टर झाला. औरंगाबादची ड्युटी लागली की तो तिकिटांच्या पेटीबरोबर ‘अस्मितादर्श’चा एखादा जुना अंक घेऊन यायचा. मी वाचायला त्या अंकांवर शिकलो. आमच्या दोन्ही बहिणी मॅट्रिकच्या पुढे गेल्या त्या त्याच्या हट्टामुळे. दोन वर्षांपूर्वी एका स्मरणिकेचे काम माझ्याकडे होते. मी त्याला म्हणालो, “दादा, यादीत तुझं नाव टाकू का?” तो म्हणाला, “येड्या, मी नापासांतला पण नाही रे. मधूनच उठलेला. लोक हसतील.” लोक हसले नसते, पण संपादक मंडळाने नाव घेतलेही नसते. झोरा नील हर्स्टनने हॉवर्डमधून पूर्ण पदवी नाही, १९२० मध्ये दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची पदवी घेतली. पूर्ण पदवी तिला १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बार्नर्डने दिली. तरी हॉवर्ड तिला आपली मानते. ती मोठी लेखिका झाली म्हणून, हे खरे. पण निदान ‘आपला विद्यार्थी’ याचा अर्थ ‘आपले प्रमाणपत्र असलेला’ एवढाच नसतो, हे त्यातून दिसते.

मग यादी फेकून द्यावी काय? नाही. माझ्या काउंटरवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला आलेल्या पोराला जेव्हा मी सांगतो की डॉ. सुखदेव थोरात मिलिंदचे, अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातून आले, जेएनयूत प्राध्यापक झाले आणि २००६ ते २०११ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, तेव्हा त्याचा चेहरा बदलतो. ‘तुमची पदवी कमी दर्जाची’ हे ज्याने शंभरदा ऐकले आहे, त्याला उत्तर म्हणून यादी लागतेच. टोनी मॉरिसन हॉवर्डची १९५३ ची, मार्टिन ल्यूथर किंग मोअरहाउसचे १९४८ चे. ही नावे तिथेही असेच उत्तर देतात.

पण थोरातांचे नाव घ्यायचे तर त्यांचे काम वाचून घ्यावे. पॉल ॲटवेल यांच्याबरोबर त्यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता तुल्य, फक्त आडनावे वेगळी: सवर्ण हिंदू, दलित, मुस्लिम. सारखी पात्रता असूनही दलित आणि मुस्लिम नावांना पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. अमेरिकेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांवर असाच प्रयोग आधी झाला होता. मिलिंदच्या सर्वांत नामवंत विद्यार्थ्यांपैकी एकाने जे मोजून दाखवले, ते नामवंतांच्या यादीच्या नेमके विरुद्ध आहे. यादी सांगते, लायकी असेल तो पोचतो. अभ्यास सांगतो, सारखी लायकी असलेले दोघे सारखे पोचत नाहीत. आपण त्यांचा फोटो छापतो आणि त्यांचा निष्कर्ष गाळतो.

साहित्याने मात्र ही चूक केली नाही. नागसेनवनात अध्यापन केलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये आले. लेखक तोवर प्राध्यापक झालेला होता. त्याला वाटले असते तर तो आपल्या पोचण्याची कथा सांगता. पण पुस्तकाचा सगळा जीव पोरकेपणात, भुकेत, बहिणीच्या घरच्या आसऱ्यात आणि शाळेच्या वाटेवर आहे. यादी जिथे सुरू होते, त्याच्या बरीच आधी हे पुस्तक आपले काम करते. पदवी हे फळ मानून तो मागे वळून पाहत नाही. जे सोबत होते आणि मागे राहिले, त्यांच्यासकट तो आठवतो. दलित आत्मकथनांवर ‘रडगाणे’ असा शिक्का मारणाऱ्यांनी आणि स्मरणिकांतून फक्त जयजयकार छापणाऱ्यांनी, दोघांनीही हे पुस्तक शेजारी ठेवावे. एकाला त्यातला स्वाभिमान दिसेल, दुसऱ्याला त्यातली माणसे.

मला सुचते ते मोठे नाही. महाविद्यालयांच्या प्रवेश नोंदवह्या म्हणजे जनरल रजिस्टर, वसतिगृहांचे हजेरीपट आणि वार्षिकांक हे आपले खरे साधन आहे. ते वाळवी लागण्याआधी छायांकित व्हायला हवेत. एकेका तुकडीचे, समजा १९७० च्या प्रवेशाचे, सगळे विद्यार्थी शोधून द्यू बॉय यांचाच प्रश्न विचारावा: पुढे काय केलेत? आणि मी त्यात एक भर घालीन: तुमच्यामुळे घरातले, गल्लीतले आणखी किती जण शिकले? शिक्षक, कंडक्टर, ग्रामसेवक, परिचारिका, अर्ध्यावर उठलेले, नामांतराच्या सोळा वर्षांत कोर्टाच्या तारखांना फिरण्यात ज्यांची परीक्षा बुडाली ते, सगळे त्यात यावेत. विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव मिळाले. ते मिळवण्यात नामवंतांपेक्षा ‘आदीं’चा वाटा मोठा होता, हे आमच्या छावणीत कुणाला सांगावे लागत नाही.

मी दुकानात एक दोनशेपानी वही ठेवली आहे. रकाने पाच: नाव, गाव, प्रवेशाचे वर्ष, पुढे काय केले, कुणाला शिकवले. झेरॉक्सला येणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांना मी विचारतो. काही जण हसतात, काही जण खुर्ची ओढून बसतात. पहिली नोंद दादाची आहे. तो नको म्हणाला होता, पण पाचवा रकाना भरताना त्याने स्वतःच तीन नावे सांगितली. त्यांतले एक माझे. वाचकांपैकी ज्यांच्या घरात असे कुणी असेल, त्यांनी त्याची माहिती याच पाच रकान्यांत लिहून ठेवावी.